नेटवर्कवरील संगणकांची घड्याळे जुळत नसतील तर काय करावे?

अचूक पासवर्ड देऊनही सर्व्हर आत घेत नसेल किंवा ब्राउझर नेहमीच्याच संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अवैध ठरवत असेल, तर पासवर्ड बदलण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. विंडोज डोमेनमध्ये, म्हणजे एकाच मध्यवर्ती व्यवस्थेखालील संगणकांच्या जाळ्यात, ओळख पटवणारी केर्बेरॉस पद्धत, वेगळी मांडणी केली नसल्यास, केवळ ५ मिनिटांची तफावत चालवून घेते. मात्र घड्याळ लगेच हाताने जुळवू नये. वेळ नेमकी कितीने चुकली आहे हाच बिघाडाचा मुख्य पुरावा असतो आणि घाईने तोच पुसला जातो.

पहिल्यांदा मोबाइलवरील वेळेशी तुलना करून फरक लिहून घ्यावा. तो नेमका साडेपाच तासांचा असेल, तर बहुधा टाइम झोन चुकलेला असतो, कारण भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. त्याच संगणकावर लिनक्सही बसवलेले असेल, तर झोन बरोबर असूनही हाच फरक पडू शकतो. मदरबोर्डवरील घड्याळात स्थानिक वेळ आहे असे विंडोज धरते, तर लिनक्स सहसा ती जागतिक वेळ मानते. वीज पूर्ण बंद केल्यावर तारीख काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. डेस्कटॉपमध्ये तो बहुतेक वेळा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल असतो.

फरक काही मिनिटांचाच असेल आणि रोज थोडा वाढत असेल, तर वेळ जुळवण्याची यंत्रणाच थांबली आहे असे समजावे. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज टाइम’ चालू आहे का ते पाहावे आणि तारीख-वेळेच्या सेटिंगमधील ‘सिंक नाऊ’ दाबावे. त्यानेही भागले नाही, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डब्ल्यू ३२ टी एम’ या आज्ञेला ‘क्वेरी’ आणि ‘सोर्स’ हे पर्याय जोडून (w32tm /query /source) वेळ कुठून येते ते विचारावे. उत्तरात ‘लोकल सीएमओएस क्लॉक’ (मदरबोर्डवरील घड्याळ) आले, तर संगणक कोणत्याही सर्व्हरशी न बोलता स्वतःच्याच घड्याळावर विसंबला आहे.

यानंतर फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरील ये-जा अडवणारी किंवा सोडणारी यंत्रणा, तपासावी. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेला एनटीपी हा नेटवर्कवरून वेळ जुळवण्याचा प्रोटोकॉल यूडीपी या संदेशवहन पद्धतीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून (जोडणीच्या दारातून) चालतो; संकेतस्थळे उघडतात म्हणजे हा मार्गही खुला आहे, असे मुळीच नाही. लिनक्सवरील जुनी एनटीपी सेवा (एनटीपीडी) तर १००० सेकंदांहून मोठा फरक दिसला की दुरुस्ती न करता बंदच पडते. अशा वेळी फरकाची नोंद झाल्यावर एकदा हाताने वेळ जुळवून सेवा पुन्हा सुरू करणे योग्य ठरते.

डोमेनमधील प्रत्येक संगणकाला बाहेरचा सर्व्हर नेमून देऊ नये. डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरांपैकी (डोमेन कंट्रोलर) ‘पीडीसी एम्युलेटर’ ही मुख्य वेळ देण्याची भूमिका असलेल्यानेच बाहेरून वेळ घ्यावी आणि बाकीच्यांनी डोमेनमधूनच ती घ्यावी. भारतातील संस्थांसाठी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार हा बाहेरचा स्रोत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा, अथवा त्यांच्याशी जुळवलेला असावा. कंट्रोलर आभासी यंत्रावर, म्हणजे दुसऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकावर, चालत असेल, तर त्या यजमान यंत्राकडून त्याची वेळ बदलली जात नाही ना, हेही पाहावे. एका घड्याळाचे दोन धनी झाले की तफावत कधी येते आणि कधी जाते.

दुरुस्तीनंतर संगणक रात्रभर प्लगमधून काढून ठेवावा आणि सकाळी सुरू करताच, नेटवर्कची तार जोडण्याआधी, तारीख व वेळ पुन्हा पडताळावी, म्हणजे सेल वेळ धरून ठेवतो का ते कळेल.