चेतातंतूंची प्रभावळ: एनजीएफचा परिणाम पाहायचा तर

एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, चेतापेशींचा वाढघटक) मिळाला की चेतातंतू कसे फुटतात, हे पाहायला एकदम मेंदूला हात घालू नका. आठ दिवस उबवलेल्या कोंबडीच्या अंड्यातला डॉर्सल रूट गँग्लियन, म्हणजे मणक्यालगतची संवेदी चेतापेशींची गाठ, पुरतो. रीटा लेवी-मोंताल्चिनी यांनी १९५० च्या दशकात एनजीएफ ओळखला तो अशाच गाठींभोवतीच्या प्रभावळीवरून, म्हणजे चहूबाजूंनी फुटलेल्या तंतूंच्या वलयावरून.

कव्हरस्लिपवर (पातळ काचेवर) गाठ चिकटावी म्हणून पॉली-डी-लायसिन (१०० मायक्रोग्रॅम/मिलि) तासभर ठेवा आणि तीनदा धुवा; उरलेले लायसिन पेशींना मारते. मग लॅमिनिन हे तंतूंना आधार देणारे प्रथिन (१० मायक्रोग्रॅम/मिलि) ३७ अंशांवर दोन तास. लॅमिनिन फ्रीजमध्येच सावकाश वितळवा, बाहेर घाई केली तर घट्ट होऊन जेल होते. लेप सुकू देऊ नका.

भ्रूण उताणा ठेवून आतडी-काळीज काढले की कण्याच्या दोन्ही बाजूंना मण्यांसारख्या गाठी दिसतात. कमरेकडच्या मोठ्या असतात, त्या घ्या. बारीक चिमट्याने मुळे आणि चिकटलेला पडदा काढा. आळस करू नका, त्या पडद्यातूनच नंतर फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी) पसरतात.

माध्यम सीरमविरहित (रक्तद्रव न घातलेले) हवे, एन-२ हे चेतापेशींसाठीचे तयार पूरक घातलेले. सीरममध्ये स्वतःचेच वाढघटक असतात, मग शून्य डोसच्या बशीतही तंतू फुटतात आणि तुलनेला अर्थ उरत नाही. डोस ०, १, १० आणि ५० नॅनोग्रॅम/मिलि ठेवा. एनजीएफ प्लास्टिकला चिकटतो, म्हणून ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) घालूनच पातळ करा आणि छोटे भाग करून गोठवा. आधी १ मायक्रोग्रॅम/मिलिचे द्रावण बनवा. त्यातले ५० मायक्रोलिटर ९५० मायक्रोलिटर माध्यमात घातले की ५० नॅनोग्रॅम/मिलि होते. मूळ दाट द्रावणातून अर्धा मायक्रोलिटर थेट मोजण्याच्या फंदात पडू नका.

पहिले दोन-तीन तास गाठ जेमतेम बुडेल एवढेच माध्यम ठेवा. जास्त ओतले तर ती तरंगते, चिकटत नाही. उरलेले नंतर कडेने सोडा.

चोवीस तासांनी पेशी आहेत तशा स्थिर करायला कोमट केलेले ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड हळूच घाला. थंड ओतले तर टोकांवरचे ग्रोथ कोन, म्हणजे तंतूंचे वाढते शेंडे, आक्रसतात. बीटा-३ ट्युब्युलिन या चेतापेशींच्या खुणेच्या प्रथिनासाठी रंगवा, नाहीतर चपट्या इतर पेशीही प्रभावळीत मोजल्या जातील. इमेज-जे या चित्रमापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकूण क्षेत्रफळातून गाठीचे वजा करा. लॅमिनिनवर शून्य बशीतही थोडे तंतू दिसतीलच, ते लपवू नका. डोस खूप वाढवला तर प्रभावळ उलट आखूडते, हेही ध्यानात असू द्या.

हाच आकडा मेंदूला लावू नका. तिथे एनजीएफचा ग्राही (रिसेप्टर) ट्रक-ए मुख्यतः मेंदूच्या पुढच्या तळभागातल्या कोलिनर्जिक (अॅसिटिलकोलिन वापरणाऱ्या) पेशींवर असतो. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागासाठी बीडीएनएफ हा दुसरा वाढघटक आणि त्याचा ग्राही ट्रक-बी घ्या.