फिर्याद द्यायला जाल तेव्हा

नोकरीतली बरीच वर्षं मी पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे तक्रार लिहून घेणाऱ्याच्या टेबलामागे बसलो. रात्री-अपरात्री घाबरलेली माणसं यायची आणि त्यांचं म्हणणं कागदावर उतरवायचं काम माझं असायचं. म्हणून सांगतो.

खून, दरोडा, जबरी चोरी, बलात्कार हे दखलपात्र गुन्हे, म्हणजे ज्यांचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकतात असे. अशी खबर मिळाली की पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात हे स्पष्ट केलंय. 1 जुलै 2024 पासून यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 लागू आहे. आमच्या वेळी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 154 होतं. ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून कुणी परत पाठवलं, तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घ्या म्हणावं. मग तो हद्दीतल्या ठाण्याकडे वर्ग होतो. ईमेलवरूनही खबर देता येते, पण तीन दिवसांच्या आत सही करावी लागते.

आता खरी गोष्ट, फिर्याद लिहिण्याची. तुम्ही बोलता आणि आम्ही ती ‘सदर इसमाने’च्या भाषेत घालतो. त्यात तुमचे शब्द गळतात. माझ्या हातून गळले आहेत. दोघांनी मोटारसायकलवरून येऊन एका बाईंचं मंगळसूत्र हिसकावलं होतं. मागे बसलेल्याच्या डाव्या हाताला एक बोट कमी होतं, असं त्यांनी सांगितलं. मी घाईत ‘दोन अनोळखी इसम’ एवढंच लिहिलं. खटल्यात आरोपीच्या वकिलानं तेवढंच धरलं: बोटाचं फिर्यादीत का नाही? नंतर कोर्टाच्या व्हरांड्यात त्या मला म्हणाल्या, “साहेब, मी तर तुम्हाला सांगितलं होतं.” त्यांचं म्हणणं खरं होतं.

म्हणून जाण्याआधी, शक्य असेल तर, आठवतं ते एका कागदावर क्रमाने लिहून काढा. वेळ, जागा, उजेड कसा होता, कोण काय बोललं, कपडे, व्यंग, गाडीच्या नंबरातले आठवतील तेवढे आकडे. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. अंदाजाने नाव घेऊ नका. उशीर झाला असेल तर त्याचं कारण फिर्यादीतच येऊ द्या. बाई लैंगिक अत्याचाराची खबर देत असेल, तर ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते.

लिहून झालं की फिर्याद वाचून दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. घाई करू देऊ नका. चुकलेलं दुरुस्त करून घ्या, मगच सही करा. घरी गेल्यावर काही आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो, पण मूळ फिर्यादीचं वजन त्याला येत नाही.

प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तिच्यावर गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं आहेत का बघा. कितीतरी माणसं अदखलपात्राची, म्हणजे एनसीची, पावती घेऊन गुन्हा दाखल झाला असं समजून घरी जातात. एनसीत दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. दखलपात्रातही एक अपवाद आहे: तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, नोंद करण्याआधी, उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. खुनाच्या फिर्यादीला ती सबब चालत नाही.

नोंदवून घेतच नसतील, तर तीच हकिकत लिहून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. पोचपावती जपून ठेवा. पुढे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायची वेळ आली तर ती सोबत जोडावी लागेल.