ऊसतोडणीच्या हंगामात शेतातील ट्रॅप कॅमेऱ्यासाठी सेल, बॅटरी आणि सौर पॅनेलची निवड

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांत ऊसतोडणी सुरू झाली की फडात आसरा घेतलेले बिबटे आणि रानडुकरे जागा बदलू लागतात. कोणत्या बांधावरून कोणता प्राणी ये-जा करतो हे कळावे म्हणून अनेक शेतकरी आता स्वतःच्या शेतात ट्रॅप कॅमेरा, म्हणजे समोर प्राणी आला की आपोआप फोटो किंवा व्हिडिओ काढणारा कॅमेरा, लावतात. परदेशात हे कॅमेरे बहुतांशी शिकारीसाठी विकले जातात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी असल्याने त्यांचा उपयोग केवळ पाळत ठेवण्यासाठी आणि वेळेत सावध होण्यासाठी करावा. कॅमेरा स्वतःच्या मालकीच्या जमिनीतच लावावा. वनविभागाच्या हद्दीत परवानगीशिवाय लावू नये.

कॅमेरा घेताना शेतकरी फोटोची स्पष्टता पाहतो, पण सेलचा विचार दुकानातून निघताना करतो. प्रत्यक्षात कॅमेरा निकामी ठरतो तो बहुधा सेलमुळेच. शिवाय दर आठवड्याला सेल बदलायचे तर दर आठवड्याला उसाच्या कडेने जावे लागते, आणि ज्या धोक्यासाठी कॅमेरा लावला त्याच्याच तोंडी आपण जातो. म्हणून संपूर्ण तोडणीच्या काळात फडाकडे कमीत कमी फेऱ्या कराव्या लागतील, अशीच वीजव्यवस्था निवडावी.

बहुतेक कॅमेऱ्यांत ४ किंवा ८ पेन्सिल सेल, म्हणजे एए आकाराचे सेल, बसतात. सर्वांत स्वस्त झिंक-कार्बन सेल भिंतीवरच्या घड्याळासाठी ठीक आहेत, कॅमेऱ्यासाठी मुळीच घेऊ नयेत. रात्री इन्फ्रारेड दिवे पेटतात तेव्हा एकदम जास्त करंट लागतो आणि तो हे सेल देऊ शकत नाहीत. अल्कलाइन सेल सुरुवातीला १.५ व्होल्ट देतात, परंतु वापराबरोबर त्यांचा दाब, म्हणजे व्होल्टेज, हळूहळू उतरत जातो. दिवसाचे फोटो व्यवस्थित येत आहेत, पण रात्रीचे फोटो काळपट किंवा निव्वळ काळे येत आहेत असे दिसले, तर कॅमेरा बिघडला असे लगेच समजू नये. आधी सेल बदलून पाहावेत. संपलेले अल्कलाइन सेल कॅमेऱ्यात राहिले तर त्यांतून क्षारयुक्त द्रव झिरपतो आणि सेल टेकतात त्या धातूच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढतो. तो हातमोजे घालून, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात किंचित भिजवलेल्या कापसाने पुसावा आणि पट्ट्या पूर्ण कोरड्या झाल्यावरच नवे सेल बसवावेत.

चार्ज करता येणारे निकेल मेटल हायड्राइड सेल दीर्घकाळात स्वस्त पडतात आणि मोठा करंट सहज देतात. मात्र त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो, त्यामुळे एका ओळीत जोडलेल्या ८ सेलमधून १२ ऐवजी ९.६ व्होल्ट मिळतात. काही कॅमेरे हा दाब पाहून बॅटरी संपत आली असे दाखवतात, तर काही वेळेआधीच बंद पडतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडता येतो का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. हे सेल घेताना नुसते पडून राहिल्यास हळू उतरणारे, कमी स्वयंविसर्ग असलेले घ्यावेत. साध्या प्रकारातील सेल काही आठवड्यांतच बरेच रिकामे होतात.

एकदाच वापरायचे लिथियम पेन्सिल सेल महाग असले तरी दूरच्या किंवा अडचणीच्या जागेसाठी तेच योग्य आहेत. ते वजनाला हलके असतात, गळण्याची शक्यता फार कमी असते, आणि थंडीत अल्कलाइन सेल मंदावतात तसे ते मंदावत नाहीत. मात्र त्यांचा दाब शेवटपर्यंत जवळपास स्थिर राहतो, म्हणून कॅमेऱ्यावरील बॅटरीच्या खुणेवर विसंबू नये. सेल बसवल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावी. यात एक गंभीर धोका आहे. १४५०० या नावाचे लिथियम-आयन सेल दिसायला आणि आकाराला पेन्सिल सेलसारखेच असतात, पण ते ३.७ व्होल्टचे असतात. ते चुकून बसवल्यास कॅमेरा कायमचा जळू शकतो. पुण्यातील तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून किंवा ऑनलाइन खरेदी करताना सेलवर छापलेले व्होल्ट स्वतः वाचावेत आणि मुदतीचा महिना व वर्षही पाहावे. जुने-नवे, किंवा निरनिराळ्या प्रकारचे सेल कधीही एकत्र घालू नयेत.

सेल किती दिवस पुरतील याचा अंदाज घरी काढता येतो. सेलमध्ये किती वीज साठते हे मिलिअँपिअर-तासांत मोजतात. समजा, कॅमेरा नुसता जागा राहण्यासाठी दिवसाला ७ मिलिअँपिअर-तास घेतो आणि रात्रीच्या व्हिडिओच्या वेळी ५०० मिलिअँपिअर ओढतो. मग १५ सेकंदांच्या एका व्हिडिओला सुमारे २ मिलिअँपिअर-तास लागतात. रात्रीत असे ४० व्हिडिओ निघाले तर एकूण खर्च ९० च्या आसपास जातो, आणि २,००० मिलिअँपिअर-तासांचे सेल तीन आठवड्यांत संपतात. तेच व्हिडिओ १० वर आणले तर हे सेल दोन महिन्यांहून अधिक चालतात. हे ४० व्हिडिओ बहुतेक वेळा प्राण्यांचे नसतातच. उन्हाने तापलेले उसाचे पाचट वाऱ्यावर हलले तरी कॅमेऱ्याचा उष्णता ओळखणारा सेन्सर चाळवतो. म्हणून महागडे सेल घेण्याआधी कॅमेऱ्यासमोरची पाने आणि गवत साफ करावे, कॅमेऱ्याचे तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवावे, आणि ओळख पटवण्यापुरते काम असेल तर व्हिडिओऐवजी फोटो निवडावेत. मोबाइलवर फोटो पाठवणाऱ्या ४जी कॅमेऱ्याला याहून बरीच जास्त वीज लागते, आणि डोंगराच्या आडोशाला रेंज कमी असेल तर आणखी जास्त. असा कॅमेरा केवळ पेन्सिल सेलवर चालवण्याचा विचार करू नये.

अशा कॅमेऱ्यासाठी बाहेरची बॅटरी जोडावी. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची शिसे-आम्ल बॅटरी सहज मिळते, पण तिची निम्मीच क्षमता वापरावी, अन्यथा ती लवकर खराब होते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग असली तरी वजनाला हलकी असते आणि तिची बहुतेक क्षमता वापरता येते. तिला तिच्याच प्रकारचा चार्जर लागतो. कॅमेऱ्याचे बाहेरचे सॉकेट ६ व्होल्टचे आहे की १२ व्होल्टचे, आणि पिनचा मधला भाग धन आहे की ऋण, हे माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय वायर जोडू नये. कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या झटका मशीनच्या बॅटरीवरून कॅमेऱ्याला वीज घेऊ नये, कारण तारेवर वीज पडली किंवा मशीनमध्ये बिघाड झाला तर कॅमेराही जातो. कुंपणाच्या तारेत थेट घरगुती वीज सोडणे तर बेकायदेशीर आणि माणसांसाठीही जीवघेणे आहे. ते कोणत्याही कारणाने करू नये.

सौर पॅनेल हिवाळ्यात उत्तम चालते, कारण या दिवसांत आपल्याकडे आकाश निरभ्र असते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण १९ अंशांच्या किंवा हिवाळ्यापुरते त्याहून थोड्या अधिक तिरकसपणाने बसवावे. उभ्या उसाची सावली पडली तर पॅनेलचा उपयोग राहत नाही, म्हणून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर असला तरी पॅनेल वेगळ्या खांबावर उसाच्या वर न्यावे. तोडणीची धूळ पॅनेलवर बसते, ती दर पंधरवड्याला ओल्या फडक्याने पुसावी. पॅनेलसोबत कॅमेऱ्यात सेलही ठेवायचे असतील तर ते चार्ज होण्याजोगे आहेत की नाहीत हे माहितीपुस्तिकेवरून ठरवावे, कारण साध्या अल्कलाइन सेलना चार्जिंग मिळाल्यास ते गळू किंवा फुटू शकतात.

सेल बदलण्याचे काम सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत, दोघांनी मिळून, मोठ्याने बोलत करावे. पहाटे आणि तिन्हीसांजेला फडाजवळ जाऊ नये. रात्रपाळीच्या विजेवर दारे धरायला जाणाऱ्या माणसाला आदल्या रात्रीचे फोटो दाखवून मगच शेतात पाठवावे. फोटोत बिबट्याची मादी पिलांसह दिसली तर तोडणी टोळीला त्या फडात जाऊ देऊ नये आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिले दिसल्यास उचलू नयेत. मादी जवळच असते, आणि त्यांची पुनर्भेट घडवण्याचे काम वनविभागाच्या पथकाचे आहे.

हंगाम संपल्यावर कॅमेऱ्यातील सर्व सेल काढून कोरड्या डब्यात ठेवावेत. जुनी शिसे-आम्ल बॅटरी विक्रेत्याला परत द्यावी, आणि संपलेले सेल बांधावर, विहिरीत किंवा पाचटाच्या आगीत न टाकता संकलन केंद्रात जमा करावेत.