सुतळी बॉम्बसारखा आवाज आला तर बटण दाबू नका

घर घेतल्यावर नवीन मंडळी मला लॉन कापणारा विचारतात, प्लंबर विचारतात, पोरांच्या शाळेचं विचारतात. गराजच्या दाराचं कुणी विचारत नाही. मग जानेवारीत सकाळी साडेसातला फोन येतो, "काका, गाडी आत अडकलीय."

माझंही तेच झालं होतं. अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधली आमची स्वतःच्या घरातली पहिली थंडी. रात्री गराजमध्ये सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज आला. खाली जाऊन पाहिलं तर गाडी ठीक, काचा ठीक. फळीवरून काहीतरी पडलं असेल म्हणून झोपलो. सकाळी रिमोट दाबला. दार चार-सहा इंच उचललं आणि थांबलं. खाली बर्फाने चिकटलं असेल, असं मीच ठरवलं. बायको खालून जोर लावतेय आणि मी बटण दाबतोय, असं आठ-दहा वेळा केलं. शेवटी मोटर नुसती घरघरत राहिली आणि दाराचा वरचा पत्रा मधोमध वाकला. रात्रीचा तो आवाज दाराची स्प्रिंग तुटल्याचा होता. निव्वळ ती बदलून तीनशे डॉलरमध्ये भागलं असतं. मी बाराशे मोजले.

तेव्हा हे आधी डोक्यात बसवा: दार मोटर उचलत नाही, स्प्रिंग उचलते. गावाकडचा दुकानदार लोखंडी शटर एका हाताने वर ढकलतो ना, ते वरच्या नळीत गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या जोरावर. इथेही तसंच. दोन गाड्यांचं 16 बाय 7 फुटांचं दार सहज 70 किलोच्या वर जातं. स्प्रिंग धड असेल तर ते तुमच्या हाताला चार-पाच किलोचंच लागतं, आणि मोटर तेवढंच ओढायला बनवलेली असते.

म्हणून तो आवाज आला, किंवा दार थोडं उचलून अडलं, की मान वर करून बघा. दारावरच्या आडव्या दांड्यावर जाड वेटोळी असतात. त्यांत दोन बोटं मावतील एवढी फट दिसली, तर स्प्रिंग गेली. बटणाला हात लावू नका. "एकदाच बघतो" असंही नको. दार उघडं असताना स्प्रिंग तुटली असेल तर दार मोटरपासून सोडवणारी ती लोंबती लाल दोरी अजिबात ओढायची नाही, अख्खं दार धाडकन खाली येतं. पोरांना तिथून लांब ठेवा. गाडी आत राहू दे, ऑफिसला ऊबरने जा.

दार खाली येतं, पुन्हा वर जातं आणि दिवा मिचकावतो, हा आजार वेगळा. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून साधारण 6 इंचांवर, मध्ये काही आडवं आलंय का ते बघणारे दोन डोळे, म्हणजे सेन्सर, असतात. 1993 पासून इथे नव्या ओपनरला, म्हणजे दार उघडणाऱ्या मोटरला, अशी सोय कायद्याने लागते. तिथे कोळिष्टक असतं, नाहीतर तुमचीच तांदळाची गोणी आडवी आलेली असते. फडक्याने पुसा, झालं.

आता आपल्या लोकांबद्दल. आपण इंजिनिअर, त्यात यूट्यूब बघितलेलं, आणि स्प्रिंग ऑनलाइन स्वस्तात मिळते. मी स्वतः मेकॅनिकलचा आहे आणि तरीही या कामाला हात लावत नाही. 7 फुटी दाराची स्प्रिंग साधारण साडेसात वेढे पिळावी लागते, तीही भरीव पोलादी सळ्यांनी. लोक सळईऐवजी स्क्रू-ड्रायव्हर घालतात. तो सटकला की मनगट तरी जातं, नाहीतर दात. दाराच्या तळाच्या कोपऱ्यातल्या, केबल अडकवलेल्या पट्टीचे बोल्टही त्याच ताणाखाली असतात. तेही सोडायचे नाहीत.

जुन्या घरात स्प्रिंगा वरच्या रुळांना समांतर ताणलेल्या असतात. त्यांच्या आतून सुरक्षेची तार गेलीय का, एवढं बघून घ्या.

स्वतः करायचं ते एवढंच. सहा महिन्यांनी, दार बंद असताना लाल दोरी ओढा आणि दार हाताने कमरेपर्यंत उचला. तिथेच थांबलं तर उत्तम. खाली घसरायला लागलं तर स्प्रिंग थकलीय, माणूस बोलवा. वेटोळ्यांवर गराजच्या दाराचा सिलिकोन किंवा लिथियमवाला स्प्रे मारा. निळ्या डब्यातला नेहमीचा डब्ल्यूडी-40 नाही, तो वंगण म्हणून टिकत नाही.

माणूस बोलावताना "29 डॉलरमध्ये सर्व्हिस" वाल्यांना लांबूनच नमस्कार. तेवढ्यात नुसतं बघून जातात, आकडा नंतर येतो. फोनवरच पूर्ण किंमत विचारा. "लाइफटाइम वॉरंटी" बहुतेक वेळा सामानाची असते, मजुरी दरवेळी वेगळी. स्प्रिंगा दोन असतील तर दोन्ही बदला, दुसरीचंही वय तेवढंच झालेलं असतं. साधी स्प्रिंग 10,000 वेळा उघड-मीट सोसते. दोघं नोकरीला, पोरांची शाळा, क्लास, देसी दुकान, म्हणजे दिवसाला सहा वेळा धरा. साडेचार वर्षांत संपली.

पुढच्या दाराची किल्ली गाडीत ठेवा. इथे सगळे गराजमधूनच घरात शिरतात आणि ती किल्ली कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

नवी स्प्रिंग बसली की दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहा. आमच्या दारावर अशा तीन तारखा आहेत, पहिलीखाली बायकोने "1200" लिहून ठेवलंय.