पहिलंच स्कीइंग, तेही जोडीनं? ठिकाण निवडताना या चुका टाळा

'हनिमूनला स्कीइंग करायचंय, कुठे जाऊ?' असं विचारणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी ठिकाण आधीच ठरवलेलं असतं, तेही फोटो पाहून. फोटोत शिखर असतं, धुकं असतं, लाल जॅकेट असतं. ज्या जागेवर नवशिक्याचे पहिले तीन दिवस जाणार, तो शे-दोनशे मीटरचा सौम्य उतार मात्र कोणत्याच फोटोत नसतो. त्याला बेबी स्लोप म्हणतात आणि निवड करायची ती त्याचीच. तो रुंद आहे का, खाली सपाट थांबायला जागा आहे का, वर न्यायला लिफ्ट आहे का, आणि हॉटेलपासून किती लांब? बाकी सगळं नंतर.

सर्वात उंच म्हणजे सर्वात भारी, हा समज

ही चूक गुलमर्गला रोज पाहायला मिळते. तिथला गंडोला, म्हणजे केबल कार, दोन टप्प्यांत जातो. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर, फेज वन कोंगडोरीला सुमारे ३०८० मीटरवर, आणि फेज टू अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३९०० मीटरच्याही वर. घटनाक्रम ठरलेला. जोडपं सकाळी मुंबईहून निघतं, रात्री गुलमर्गला पोचतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट फेज टू. समुद्रसपाटीवरून निघून पुरते चोवीस तासही झालेले नसतात. वर पोचल्यावर एकाचं डोकं दुखायला लागतं, दुसऱ्याला मळमळतं. तरीही भाड्याचे स्की बरोबर असतात, कारण खालच्या एजंटानं सांगितलेलं असतं, 'गाइड आहे ना, तो उतरवेल.'

गाइड उतरवू शकत नाही. फेज टूच्या वर मशीननं दाबून सपाट केलेले उतार जवळजवळ नाहीत. आहे तो नैसर्गिक, कुठे मऊ तर कुठे कडक बर्फ, आणि चढा कोन. ज्याला अजून स्नो प्लाउ, म्हणजे स्कीची टोकं आत वळवून वेग कमी करणं, येत नाही, त्याला तिथे वळताही येत नाही आणि थांबताही येत नाही. मग दहा मीटर घसरायचं, पडायचं, स्की शोधायचे, परत. तासाभरानं एक रडकुंडीला येतो, दुसरा ओरडायला लागतो, आणि शेवटी दोघं पायी गंडोलाकडे परततात. संध्याकाळी हॉटेलात अबोला. शिवाय अफरवटचे खुले उतार हिमस्खलनाचे आहेत. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर मरण पावले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन.

फेज टूला जायचंच असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, स्कीशिवाय, नुसतं बघायला जा. वारा सुटला की तो टप्पा बंदही होतो, त्यामुळे सगळी सहल त्यावर बेतू नका. तिकिटं ऑनलाइन आधीच काढा, गर्दीच्या दिवसांत ती संपतात.

शिकायचं ते खाली, गोल्फ कोर्सच्या बाजूच्या उतारांवर. तिथे पोमा लिफ्ट आहे: दांड्याच्या टोकाला चकती, ती दोन पायांमध्ये घ्यायची आणि उभं राहायचं. बसायचं नाही. बसलात की चकतीसकट आडवे. पहिल्या दिवशी निम्मे लोक इथेच पडतात.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा

पौष लागायच्या आत लग्नं उरकतात, सुट्टी वर्षअखेरीची मिळते, म्हणून सगळे त्याच आठवड्यात. दर सर्वात जास्त, गर्दी सर्वात जास्त आणि बर्फाचा थर बऱ्याचदा सर्वात पातळ. कश्मीरचा चिल्लई कलां, कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, सुरू होतो २१ डिसेंबरला. थंडी लगेच येते, पण बर्फ पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं ढगाळ-वादळी हवामान, आला तरच पडतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिन्याच्या शेवटापर्यंत तपकिरी होतं, पर्यटक कोरड्या गवतावर उभे होते. २०२५ च्या फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चवर ढकलाव्या लागल्या. म्हणून नवशिक्यांसाठी आमची शिफारस जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतची, आणि तिकीट असं काढा की तारीख बदलता येईल. जाण्याच्या आठवडाभर आधी हॉटेलला नव्हे, एखाद्या इन्स्ट्रक्टरला फोन करून विचारा की आज बेबी स्लोपवर बर्फ किती आहे. हॉटेलवाला 'बहोत है' असंच म्हणणार.

जोरदार बर्फ पडला तर श्रीनगरची विमानंही रद्द होतात. परतीआधी एक मोकळा दिवस ठेवा. आणि तो दिवस गुलमर्गला नाही, श्रीनगरला. गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्ग गावाच्या वरचा रस्ता बंद झाला तर मोकळ्या दिवसाचा उपयोग शून्य.

'गाव छोटं आहे, कुठेही राहा'

स्कीचे बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन, २६५० मीटरवर, निसरड्या रस्त्यानं पाचशे मीटर चालून बघा. धडा सुरू व्हायच्या आधीच दमायला होतं. हॉटेलला चार प्रश्न विचारा: दारापासून पोमा लिफ्टपर्यंत चालत किती मिनिटं? खोलीत उष्णता कशाची, सेंट्रल हीटिंग, बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी) की नुसती इलेक्ट्रिक चादर? वीज गेली तर जनरेटर रात्रभर चालतो का? आणि ओले बूट वाळवायची जागा आहे का? चौथं उत्तर 'नाही' आलं तर रात्री बूट खोलीत हीटरपासून हातभर लांब ठेवा, आतली लाइनर सैल करून. व्हरांड्यात राहिले तर सकाळी दगड होतात.

'व्हॅली व्ह्यू'साठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा लिफ्टजवळची साधी खोली घ्या. रोमान्स गरम खोलीत जमतो, थंड बाल्कनीत नाही.

स्वस्त कोर्सला हनिमून समजणं

मनालीची पर्वतारोहण संस्था सोलंगला स्की कोर्स घेते, उत्तराखंडातल्या ऑलीत गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. गंभीरपणे शिकायचं असेल तर यांच्यासारखं काही नाही. पण संस्थेचा कोर्स म्हणजे वसतिगृह आणि शिस्त. जोडीनं निवांत जायचंय तर खासगी इन्स्ट्रक्टर घ्या, सकाळी दोन-अडीच तास, सलग तीन दिवस. दुपारी विश्रांती. दिवसभर शिकू म्हणणाऱ्यांच्या मांड्या दुसऱ्या दिवशी संपावर जातात.

ऑलीचे उतार सौम्य, समोर नंदादेवी, नवशिक्याला खरंच छान. पण ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर, घाटाचा पूर्ण दिवस. आणि जोशीमठ-ऑली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये, जमीन खचायला लागल्यावर, थांबवला गेला, त्यामुळे रोपवेचे जुने फोटो दाखवणाऱ्या पॅकेजला आधी प्रश्न विचारा. चार दिवसांच्या सुट्टीत ऑली बसत नाही. सोलंगला स्कीपेक्षा गर्दी जास्त; अर्धा तास स्की पायात घालून फोटो काढायचा असेल तर ठीक.

परदेशात गोंधळ

स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस किंवा युंगफ्राउयोखचं तिकीट हे हिमनदी बघायचं तिकीट आहे, स्की शिकायचं नाही. टिटलिसच्या पायथ्याच्या एंगेलबर्गला शिकायचं तर खाली गेर्श्नीआल्प किंवा ट्रुबझेकडे. उतारांचे रंगही ओळखा: स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटलीत सर्वात सोपा निळा, फ्रान्समध्ये त्याच्याही खाली हिरवा. अमेरिकेत हिरवं वर्तुळ सोपं आणि निळा चौकोन मध्यम, म्हणून 'निळा चालतो' हे सगळीकडे चालत नाही. जॉर्जियातलं गुदाउरी त्बिलिसीहून साधारण १२० किलोमीटर, खर्चाला बरं, उतार मशीननं तयार केलेले. पण ते झाडांच्या रेषेच्या वर आहे. ढग उतरला की जमीन आणि आकाश एक होतं आणि नवशिक्याला चक्कर येते. एखाद-दुसरा दिवस वाया जाईल हे धरूनच दिवस ठरवा.

छोट्या, पण महाग पडणाऱ्या

बूट: घरूनच पाय मोजून निघा. टाच भिंतीला टेकवून, अंगठ्यापर्यंत सेंटीमीटरमध्ये. स्की बुटाचा नंबर त्यातच असतो. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवल्यावर मागे सरकावीत. मोजा एकच, लांब, लोकरी. दोन घातले तर घडी पडते, रक्त अडतं, पाय जास्त गार पडतो.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड: वजन खरं सांगा. 'घट्ट करा, सुटायला नको' म्हणणारे नवरे दर हंगामात असतात. पडल्यावर स्की सुटलाच पाहिजे, नाहीतर गुडघा पिळवटतो.

स्कीची लांबी: हनुवटीपर्यंत. दुकानदाराकडे लांबच उरलेत म्हणून घेऊ नका.

टंगमर्गला ड्रायव्हर कोट-गमबुटाच्या दुकानापुढे गाडी थांबवतोच. गमबूट फिरायला; स्कीचे बूट वेगळे, ते वर गुलमर्गला.

जीन्स: नाही.

एकानं दुसऱ्याला शिकवणं: अजिबात नाही, त्याला आधी येत असलं तरी.

मोबाइल: जम्मू-कश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. दोघांपैकी निदान एकाकडे पोस्टपेड हवं.

विमा: साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं. हिवाळी खेळांची वेगळी जोड घ्या, आणि आखलेल्या उतारांबाहेर ती लागू आहे का ते पॉलिसीत वाचा, एजंटाला विचारू नका.