गोठ्याभोवतीच्या चिलटांचे सर्वेक्षण कसे करावे

मेंढ्यांना होणाऱ्या नीलजिव्हा रोगाचा विषाणू एका जनावरातून दुसऱ्यात मुख्यतः क्युलिकॉइडीस प्रजातीची चिलटे नेतात. ही चिलटे जेमतेम १ ते ३ मिलिमीटर लांबीची असून रक्त फक्त त्यांच्या माद्या पितात. भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ साली महाराष्ट्रात झाली. मेंढ्या आजारी पडतात, पण गाईगुरांच्या रक्तात विषाणू असूनही बहुधा बाहेरून काहीच दिसत नाही. इंदूरच्या आसपास दुभत्या जनावरांचे गोठे दाट आहेत आणि पावसाळ्यानंतर राजस्थानातून मेंढ्यांचे कळप चराईसाठी माळव्यात उतरतात. म्हणून येथे केवळ मेंढ्यांवर लक्ष ठेवणे पुरेसे नाही.

सर्वेक्षणासाठी अतिनील प्रकाशाची नळी आणि खाली हवा ओढणारा पंखा असलेला प्रकाशसापळा वापरावा. मोठे पतंग आत शिरू नयेत म्हणून त्याच्या तोंडावर सुमारे २ मिलिमीटर छिद्रांची जाळी बांधावी. गोठामालकाची परवानगी घेऊन सापळा जनावरांच्या अगदी जवळ, जमिनीपासून दीड ते दोन मीटर उंचीवर, परंतु शिंगे पोहोचणार नाहीत अशा बेताने टांगावा. शेजारचे दिवे मालवावेत. सूर्यास्तापूर्वी सापळा सुरू करून तो सूर्योदयानंतरच बंद करावा, कारण ही चिलटे प्रामुख्याने तिन्हीसांजेला आणि पहाटे उडतात. जोराचा वारा, पाऊस आणि पौर्णिमेचा उजेड यांमुळे पकड घटते. म्हणून त्या रात्रीचे हवामान आणि तिथी हे दोन्ही टिपून ठेवावे.

सापळ्याखालच्या भांड्यात पाणी आणि साबणाचे दोन-चार थेंब घालावेत. सकाळी पकड बारीक कापडातून गाळून ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी. ठिकाण, तारीख आणि जवळ बांधलेली जनावरे ही माहिती कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून चिठ्ठी कुपीच्या आतच टाकावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. विषाणू जिवंत वेगळा करायचा असेल तर अल्कोहोल चालत नाही. नमुने बर्फावर ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावे लागतात. त्याची व्यवस्था आधीच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत करावी. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरपासून जवळ आहे, तर उच्च सुरक्षेची राष्ट्रीय पशुरोग संस्था भोपाळला आहे.

सर्वांत अधिक वेळ निवडीला द्यावा. सूक्ष्मदर्शकाखाली आधी डास, माश्या आणि वाळूमाश्या बाजूला काढाव्यात. अनेक क्युलिकॉइडीस चिलटांच्या पंखांवर करड्या-पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते आणि जाती ओळखण्याचा पहिला आधार तीच आहे. नरांच्या मिशा दाट केसाळ असतात. त्यांना वेगळे करावे. मग माद्यांचे पोट पाहावे. ताजे रक्त प्यायलेली मादी लाल दिसते, अंडी भरलेली फिकट व फुगीर दिसते, आणि पूर्वी एकदा अंडी घातलेल्या मादीच्या पोटाच्या आवरणात बहुतेक जातींत जांभळट तांबूस रंग उतरलेला असतो. माझ्या मते सगळ्या सर्वेक्षणाचे मोल या शेवटच्या गटात आहे: विषाणू आईकडून अंड्यात जात असल्याचे आढळलेले नाही, त्यामुळे पूर्वी रक्त पिऊन जगलेली मादीच तो पुढे नेऊ शकते. हजारो चिलटांची एकूण संख्या छातीत धडकी भरवते, पण धोक्याचा अंदाज या वयस्क माद्यांच्या प्रमाणावरूनच येतो. विषाणूच्या तपासणीसाठी अशाच माद्या जातवार, जास्तीत जास्त सुमारे ५० च्या गटांत द्याव्यात.

अळ्या ओलसर, शेणमिश्रित चिखलात वाढतात. हौदाची गळती, मूत्राची नाली आणि उकिरड्याची ओली कड यांतील चिखल उचलून जाळीने झाकलेल्या डब्यात ठेवला, तर काही आठवड्यांत त्यातून प्रौढ चिलटे बाहेर पडतात आणि नेमकी जागा कळते.

साधारण १२ अंश सेल्सियसखाली विषाणू चिलटाच्या शरीरात वाढत नाही. मात्र माळव्यातील थंडीत रात्री गारठल्या तरी दुपारी उबदार असतात. म्हणून हिवाळ्यातही काम थांबवू नये. दर पंधरवड्याला, त्याच गोठ्यात, त्याच जागी सापळा लावावा आणि एकही चिलट न सापडलेल्या रात्रीची नोंदही शून्य म्हणून वहीत करावी.