मिरज ते जाफना: रेल्वे, बस आणि बोटीने

तमिळनाडूतल्या नागपट्टिनमहून श्रीलंकेत जाफन्याजवळच्या कांकेसंतुरईला जाणारी प्रवासी बोट 14 ऑक्टोबर 2023 ला सुरू झाली, आठवडाभरात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे बंद पडली आणि ऑगस्ट 2024 मध्ये दुसऱ्या बोटीसह पुन्हा चालू झाली. अंतर साधारण 110 किलोमीटर, वेळ चार तासांच्या आसपास, एकेरी भाडं चार-पाच हजारांच्या घरात. रेल्वे, बस आणि ही बोट जोडली की सांगली-मिरजेच्या माणसाला विमानाशिवाय जाफना गाठता येतं. वेळापत्रक मात्र घट्ट बांधू नका. एक दिवस हातचा राखा आणि तो नागपट्टिनमच्या बाजूला, बोटीच्या आधी राखा. गाडी आठ तास लेट झाली तर वाचवतो तो हाच दिवस. जाफन्यात शिल्लक ठेवलेला दिवस तिथे काही कामाचा नाही.

आधी मोसम बघा. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सोडून द्या. आपला पाऊस ओसरतो तेव्हा तिकडचा सुरू होतो, पाल्कच्या सामुद्रधुनीत लाटा उठतात आणि दीडशे माणसांच्या या छोट्या वेगवान बोटीला त्या झेपत नाहीत. 2024 च्या नोव्हेंबरातही फेऱ्या थांबल्या, त्या 2025 च्या फेब्रुवारीत सुरू झाल्या. थोडक्यात, दिवाळीच्या सुट्टीत हा बेत नको. मे महिना चालतो, पण घामाची तयारी ठेवा. बोट आठवड्याचे सातही दिवस असेलच असं नाही, म्हणून तिचे वार पाहून मगच रेल्वेच्या आरक्षणाला हात घाला. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या घाईत लोक आधी रेल्वेचं तिकीट काढतात आणि मग त्या वारी बोट नाही असं निघतं.

कागद, पैसे, सामान

श्रीलंकेत उतरायच्या तारखेपासून पासपोर्टला किमान सहा महिने मुदत हवी. नवा काढायचा असेल तर 36 पानी पासपोर्टला 1,500 रुपये, तत्काळला 3,500. पोलीस पडताळणीला लागणारे दिवस धरून दोन महिने आधी अर्ज टाकलेला बरा. श्रीलंकेची ऑनलाइन प्रवास परवानगी म्हणजे ईटीए. ती तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब दिसणारी दलालांची पानं शोधात सगळ्यात वर येतात आणि जास्तीचे पैसे उकळतात. पासपोर्ट क्रमांकातला एक आकडा चुकला तरी काउंटरवर अडवतात. ईटीए, परतीचं तिकीट आणि पहिल्या रात्रीच्या लॉजचं बुकिंग यांच्या दोन-दोन छापील प्रती जवळ असू द्या. मोबाइलची बॅटरी नेमकी रांगेत उतरते.

भारतीय नोटा माणशी 25,000 रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात. एका भारतीय रुपयाला साधारण तीन-साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात. फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय चालतं, पण मोठ्या दुकानांत. बसचा कंडक्टर आणि रिक्षावाला रोखच घेतो. ॲपमधलं आंतरराष्ट्रीय यूपीआय घरी असतानाच चालू करून घ्या.

सामानाचं वजन तिकिटावर दिलेल्या मर्यादेत बसतं का, ते घरच्या काट्यावर बघा. बंदरात पिशव्या तोलतात आणि जास्तीच्या किलोंचे पैसे लावतात. सांगलीकरांनी एक गोष्ट कटाक्षाने टाळावी, ती म्हणजे भेट म्हणून हळद नेणं. 2020 च्या सुमारास श्रीलंकेने हळदीची आयात रोखली आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून चोरून जाणारी हळद पकडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. दोन किलो राजापुरी हळद आपल्या लेखी शकुनाची वस्तू, कस्टमवाल्याच्या लेखी भानगड. रोपं, बियाणं, ताजी फळंही नकोत. वाटेत खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग घ्या, आणि बोटीतून उतरायच्या आत संपवा.

नागपट्टिनमपर्यंत

सोयीची गाडी म्हणजे दादर–पुदुच्चेरी चालुक्य एक्सप्रेस. सातारा, मिरज, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, विलुपुरम असा तिचा मार्ग. ती रोज नसते. मिरजेहून साधारण एक दिवस आणि एक रात्र धरा. पुदुच्चेरीहून कडलूर, चिदंबरम, कारैकल करत बसने चार-पाच तासांत नागपट्टिनम; थेट बस नसेल तर कारैकलला बदला, तिथून पुढे वीस किलोमीटरच राहतं. चालुक्य नसेल त्या दिवशी राणी चन्नम्माने बेंगळुरू गाठा आणि तिथून रात्रीची वेळांकण्णीची बस पकडा. वेळांकण्णी हे चर्चचं मोठं यात्रास्थळ असल्याने तिथे स्वस्त लॉज भरपूर, आणि नागपट्टिनम दहा-बारा किलोमीटरवर. शनिवार-रविवारी मात्र तिथे गर्दी असते.

राखलेला दिवस लॉजवर झोपून काढायचं कारण नाही. तंजावर रेल्वेने दोनेक तासांवर आहे. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांच्या वंशाचा इतिहास सांगणारा 1803 चा मराठी शिलालेख भिंतभर कोरलेला आहे, तो बघून संध्याकाळी परत येता येतं. आणि खानापूर, आटपाडी, विटा भागातले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे कारागीर, तमिळनाडूच्या सराफकट्ट्यांवर पिढ्यान् पिढ्या बसलेले आहेत. गावाकडून एखादा पत्ता घेऊन निघालात तर अडीअडचणीला मराठी बोलणारं माणूस सापडतं.

बोटीचा दिवस

बोट सकाळी लवकर निघते, पण तिकिटावरची हजर राहायची वेळ तिच्याही कितीतरी आधीची असते. रिक्षा आदल्या रात्रीच ठरवा. बंदरात तिकीट, वजन, एक्स-रे, कस्टम, इमिग्रेशन असा क्रम असतो. पासपोर्ट, पेन आणि कागद गळ्यातल्या पाकिटात ठेवा, पाठीवरच्या सॅकमध्ये नको. प्रत्येक टेबलावर तेच पुन्हा मागतात.

बोट लागत असेल तर ॲव्होमिनची गोळी निघण्याआधी तासभर घ्या. लाटा सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर पडते. तिने झोप येते. गरोदर बायका, लहान मुलं आणि इतर औषधं चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. उपाशी बसू नका. दोन इडल्या पुरेत, तेलकट वडा नको. जागा निवडायला मिळाली तर मागची, मधल्या रांगेतली घ्या, कारण बोटीचं नाक सगळ्यात जास्त आपटतं. मोबाइलमध्ये मान घालून बसलात तर पोट ढवळणारच. नजर लांब क्षितिजावर ठेवा. डेटा रोमिंग बंद करा, कारण किनारा जवळ आला की फोन आपणहून श्रीलंकेचं नेटवर्क पकडतो आणि बिल फुगतं.

घड्याळ बदलावं लागत नाही, दोन्हीकडे वेळ एकच. कांकेसंतुरईत शिक्के होऊन बाहेर पडायला दुपार होते. जाफना तिथून अठरा-वीस किलोमीटर. कांकेसंतुरई हे उत्तरेकडच्या रेल्वेचं शेवटचं स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्याच. बस सोपी आणि स्वस्त. रिक्षा केली तर भाडं बसण्याआधी ठरवा आणि ते श्रीलंकन रुपयांत ठरलंय ना, हे नक्की करा. नोटा बदलताना 5,000 ची घेऊ नका, बसमध्ये तिचे सुट्टे कुणी देत नाही. शंभरच्या आणि पाचशेच्या मागून घ्या.

त्याच दिवशी कोलंबो गाठायचा हट्ट नको. जाफना ते कोलंबो सुमारे 400 किलोमीटर, बसने आठ-दहा तास. पहाटे तीनला अनोळखी स्टँडवर उतरून लॉजचा अर्धा दिवस वाया जातो. पुढे जायचंच असेल तर अनुराधपुरापर्यंत, साधारण 200 किलोमीटर. नाहीतर जाफन्यातच मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची रेल्वे धरा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाची बिनआरक्षित तिकिटं स्टेशनवर मिळतात.

परतीची बोट दुपारी निघून संध्याकाळी नागपट्टिनमला लागते. कस्टम उरकेपर्यंत अंधार पडतो, म्हणून त्या रात्रीच्या कुठल्याही गाडीचं आरक्षण करू नका. फेरी रद्दच झाली तर जाफन्याच्या पलाली विमानतळावरून चेन्नईचं विमान हा पर्याय उरतो. तेवढे पैसे बाजूला असू द्यावेत. चेन्नईहून मुंबईकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या सोलापूरवरून जातात. सोलापूरला उतरा आणि सांगलीची एसटी धरा.